घट

पिकअप पहिल्यांदा थांबली ती कालव्याच्या पुलावर. तंजावूरच्या या सपाट मुलखात पुलाची कमान हाच काय तो चढ. मागं दोन हजार सोललेले नारळ होते, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, आणि पाय खालीपर्यंत दाबला तरी ती जोर धरेना. धाप लागल्यासारखं करत इंजिन बंद पडलं. पाच मिनिटं थांबून चावी फिरवली तर मुकाट सुरू झालं आणि ओरत्तनाडूपर्यंत शहाण्यासारखं आलं. म्हणून मी दुर्लक्ष केलं. रिकाम्या गाडीला काही होत नव्हतं. माल भरला की तिसऱ्या-चौथ्या मैलावर तीच धाप, तेच बंद पडणं, तीच पाच मिनिटांची विश्रांती.

आठवडाभर मी हे अंगावर काढलं आणि वर जो भेटेल त्याला सांगत सुटलो की अमक्या पंपावर डिझेलमध्ये भेसळ आहे. चहाच्या टपरीवर सांगितलं, नारळाच्या वखारीत सांगितलं, घरी जेवताना सांगितलं. आबा ऐकून घेत आणि ताटात बघत.

कार्तिगै महिना होता. आमचा मेकॅनिक गळ्यात माळ घालून शबरीमलैला निघाला होता. या दिवसांत त्याला सगळे ‘सामी’ म्हणतात, मीही म्हणतो. फोन लागला तेव्हा तो एरुमेलीत होता आणि मागं ढोल वाजत होते. मी लक्षणं सांगितली. तो म्हणाला, ओझ्याखाली दम जातो आणि थांबलं की परत येतो म्हणजे डिझेल पुरत नाही, फिल्टर चोंदलाय. शेवटचा कधी बदलला होता? मला आठवेना. गाडी सेकंडहँड घेतली त्याला दोन वर्षं झाली होती. तिकडून थोडा वेळ फक्त ढोल ऐकू आले. मग तो म्हणाला, सामी, तूच बदल, काही कठीण नाही. फक्त हवा काढायला विसरू नकोस.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला कांगेयमला माल पोचवायचा होता. तिकडे खोबरं वाळवण्याची मोठमोठी खळी आहेत. तिथला व्यापारी एकदा वाट बघतो, दुसऱ्यांदा दुसरी गाडी बघतो. मी दुकानातून नवा फिल्टर आणला आणि दुपारी चारला घरासमोर बॉनेट उघडलं. आबा ओट्यावर बसले होते. या गाडीला त्यांनी दोन वर्षांत हात लावला नव्हता. शेजारीही बसले नव्हते. विट्याला जायचं झालं तरी बस आणि रेल्वेनं जात.

त्याचं कारण सांगायचं तर आम्ही इथं कसे आलो ते सांगावं लागेल.

आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली माणसं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा घेऊन देशभर गेली. केरळात गेली, आसामात गेली, आणि तमिळनाडूत तर गावोगाव. आमचे आजोबा 1972 च्या दुष्काळानंतर विट्याजवळच्या गावातून निघाले. आधी दुसऱ्याच्या भट्टीवर राबले, मग ओरत्तनाडूच्या बाजारात सोनारांच्या गल्लीत आठ बाय दहाची खोली घेतली. आबा पंधराव्या वर्षी आले. तमिळ त्यांनी सोनारांच्या शिव्या खात शिकली. बाजारात आजही आम्हाला ‘सेट्टु’ म्हणतात. आजोबांनी आयुष्यभर त्याला हरकत घेतली, आबांनी घेतली नाही, आणि मी शाळेत असताना तेच माझं नाव समजत होतो.

मराठी या गावात आमच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी आली होती. दुसऱ्या सरफोजीनं इथं मुक्तांबाळच्या नावानं छत्र बांधलं, जोत्यावर हत्ती-घोडे कोरलेलं. रामेश्वराच्या वाटेवरचे यात्रेकरू तिथं उतरत, जेवत, आजारी पडले तर बरे होईपर्यंत राहत. 1801 साली सरफोजीनं इंग्रज रेसिडेंट टोरिनला या छत्रांविषयी मोठ्या पोटतिडकीनं पत्र लिहिलं होतं. लहानपणी मला वाटायचं की आपणही त्यातलेच, राजाच्या मागून आलेले. आबांनी ते वेळीच काढून टाकलं. एकदा त्यांनी मला तंजावूरच्या मोठ्या देवळात नेऊन भिंतीवरचा 1803 चा मराठी शिलालेख दाखवला. बोटानं दोन-तीन ओळी लावत पुढं सरकले आणि म्हणाले, “हिशेब कुटंच न्हाई ह्यात. नुस्ती वंशावळ.” मग आम्ही बाहेर येऊन सरबत प्यालो.

आबांना हिशेबाशिवायचं काही वाचायला आवडत नाही, कारण गलाई हा सगळा हिशेबाचाच धंदा. सोनार जुना दागिना आणून देतो. त्यात सोनं किती, तांबं किती, डाग किती, ते आधी ठरवायचं. मग एका भागाला तीन भाग चांदी मिसळून वितळवायचं, पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे, आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. लालसर वाफा उठतात. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाशी सोनं राहतं. ते पिवळं नसतं. तपकिरी चिखलासारखं असतं, आणि नवख्या माणसानं ते मोरीत ओतून दिल्याच्या गोष्टी प्रत्येक गलाईवाल्याच्या घरात आहेत. उरलेल्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की चांदी परत खाली बसते. सोनं पुन्हा मुशीत घालून टाकणखार टाकून आटवायचं, तेव्हा कुठं ते सोन्यासारखं दिसतं. यात प्रत्येक पायरीवर थोडं थोडं जातं. त्याला घट म्हणतात. घट किती हे सोनाराला आधी सांगायचं आणि तेवढीच भरून दाखवायची. जास्त भरली तर खिशातून द्यायचं. कमी भरली तर तेही सांगायचं. आबांचं नाव गल्लीत होतं ते या शेवटच्या गोष्टीमुळं.

म्हणून आमच्या दुकानात केर काढला जायचा पण टाकला जायचा नाही. तो एका डब्यात साठायचा. भट्टीची राख, फुटकी मूस, हात पुसायचं फडकं, सगळं साठायचं. वर्षाच्या शेवटी बसायची चटईसुद्धा जाळायची आणि राख धुवायची. सोनारांचा असा केर विकत घेऊन त्यातलं सोनं काढणाऱ्याला जुन्या मराठीत झारेकरी म्हणत. आबांना तो शब्द माहीत नव्हता. मी शब्दकोशातून सांगितल्यावर त्यांनी तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

मी या दुकानात आठ वर्षं बसलो. धंदा हळूहळू आटत गेला. किरणांनी कस सांगणारी यंत्रं आली, 2021 मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला, मोठ्या रिफायनऱ्यांची माणसं सोनारांकडं थेट येऊ लागली. पण खरं सांगायचं तर मी निघालो ते धंदा आटला म्हणून नाही. आबांचा खोकला ऐकवत नव्हता. त्यांच्या बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग आहेत, ते कातडीबरोबरच जातात आणि परत येतात. माझ्याही बोटांवर पडायला लागले होते. मी एके रात्री जेवताना सांगितलं की मी पिकअप घेतोय, नारळाची वाहतूक करणार. आबा म्हणाले, “वाहतूक म्हंजी काय, दुसऱ्याचा माल हिकडून तिकडं.” मी म्हणालो, “गलाई म्हणजे तरी काय?” हे बोलायला नको होतं. ते ताटावरून उठले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त त्यानंतर माझ्या कामाविषयी एकही शब्द बोलले नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं, शेवटची चटई जाळली, एकट्यानं राख धुतली. काय निघालं ते मला सांगितलं नाही. यंदा संक्रांतीनंतर गावाला जाऊन राहायचं, तिथल्या घराचं छप्पर नीट करायचं, असं त्यांनी आईला सांगितलं होतं, आणि आईनं मला.

तर त्या दुपारी ते ओट्यावर होते आणि मी बॉनेटखाली.

आमची गाडी जुनी, साध्या यांत्रिक पंपाची. फिल्टर म्हणजे तांब्याएवढा पत्र्याचा डबा, वरच्या बैठकीत आट्यांनी बसवलेला. आत घड्या घातलेला कागद. टाकीतून येणारं डिझेल बाहेरून कागदात शिरतं, गाळून मधल्या नळीतून पंपाकडं जातं. खाली एक बोळकं असतं, त्यात पाणी साठतं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. बोळक्याच्या बुडाला एक स्क्रू असतो तो अधूनमधून सैल करून पाणी सोडायचं. मी दोन वर्षांत तो एकदाही सैल केला नव्हता. कुठं आहे हेही माहीत नव्हतं.

खाली प्लॅस्टिकचं टोपलं धरून तो स्क्रू सोडला तर आधी पाणीच आलं. पुष्कळ आलं. मग मळकट डिझेल. डबा हातानं फिरेना. पट्ट्याचा पाना नव्हता, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकड घेतली, तेव्हा तो करकरत सुटला आणि अर्धा पेला डिझेल माझ्या बाहीत गेलं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटानं डिझेल लावलं, डबा स्वच्छ डिझेलनं भरला, वर चढवला, रिंग टेकल्यावर हातानं पाऊण फेरा आवळला. मग बैठकीवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून पंपाशेजारचा हातपंप अंगठ्यानं दाबत राहिलो. स्क्रूतून फुस्स करत फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुडे संपून डिझेलची सलग धार. धार आली की दाबत असतानाच स्क्रू आवळायचा. एवढंच. सामी म्हणाला होता तसं कठीण काहीच नाही.

चावी मारली. सुरू झालं. वीस सेकंदांनी बंद पडलं.

पुन्हा हवा काढली. पुन्हा बुडबुडे आले. संपतील म्हणून दाबत राहिलो, ते संपेनात. अंगठा सोलवटला. पुन्हा चावी, पुन्हा वीस सेकंद. असं चार वेळा झालं. अंधार पडला, डास आले. सामीचा फोन आता लागत नव्हता. बॅटरी जड चालायला लागली. नळ्यांचे क्लिप आवळले, डबा अजून आवळला, तर बैठकीच्या कडेनं डिझेल पाझरायला लागलं. आवळल्यावर गळती वाढते याचा अर्थ मला लागेना. नवा फिल्टरच खराब दिलाय, असं मी मोठ्यानं म्हणालो. आठवड्यात ही माझी दुसरी फिर्याद.

आबा उठले. आत जाऊन बॅटरी घेऊन आले. मला वाटलं उजेड धरतील. पण ते गाडीकडं आलेच नाहीत. भिंतीशी मी टाकलेला जुना डबा त्यांनी उचलला, पालथा केला, उजेडात धरला आणि त्याच्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. सावकाश, पूर्ण गोल.

“हेची वाटी मोकळी हाय,” ते म्हणाले. “रिंग कुटाय?”

“नव्याला नवी आलीय, आबा.”

“नव्याची न्हाई इचारत. जुन्याची इचारतोय. चढवली तवा हुती ना? मग काडली तवा कुटं गेली?”

मी काही बोललो नाही. हात वर घालून चाचपला. नवा डबा काढला. बैठकीला वर चिकटून, चपटी झालेली, काळी, पत्र्याशी एकजीव झालेली जुनी रिंग तिथंच होती. दोन वर्षांच्या उष्णतेनं ती वर धरून राहिली होती आणि मी तिच्यावर नवी चढवली होती. रबरावर रबर. आवळलं की एक दुसरीवरून सरकत होती, आणि त्या फटीतून डिझेल बाहेर, हवा आत.

“आत काय गेलं आन् भाईर काय आलं,” आबा म्हणाले, “ते आदी जुळवायचं. मग दुसऱ्याला बोल लावायचा.”

रिंग नखानं निघेना. त्यांनी चष्मा लावला, माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि बाजूला ठेवला. आतून बांबूची एक चपटी काडी आणली, मुशीच्या तोंडाचं खरवडायला वापरायचे तसली. पत्र्याला ओरखडा न उठवता त्यांनी ती रिंग अख्खी सोडवली, जुन्या डब्याच्या वाटीत बसवून बघितली, आणि मग म्हणाले, “आता चढीव.” त्यानंतर दहा-बारा दाबांत सलग धार आली. इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं. मी ते अर्धा तास चालू ठेवलं. डिझेल जाळायची हौस म्हणून नव्हे, बंद करायचा धीर होईना म्हणून.

खरं तर इथं संपायला हवं होतं. मी जुना डबा उचलून कचऱ्याकडं निघालो. आबांनी हात धरला. “बगितलंस का आत?”

बघण्यासारखं काय आहे, मी म्हणालो नाही, पण चेहऱ्यावर असावं. त्यांनी दुकानातली पत्र्याची कात्री आणवली. मी करवतीनं डब्याची कड कापली, पुढं त्यांनी कात्री चालवली. हात थरथरत होते पण काप सरळ आला. आतल्या कागदाची गुंडाळी काढून त्यांनी वर्तमानपत्रावर पंख्यासारखी उलगडली. बॅटरी तिरकी धरली. मी लहान असताना भट्टीच्या राखेवर ते अशीच धरायचे.

घड्यांच्या तळाशी लालसर रवाळ काही होतं. ते त्यांनी चिमटीत चोळलं. “गंज. तुज्या टाकीचा.” त्याच्यावर सगळ्या कागदभर काळपट, बुळबुळीत थर होता, शेवाळासारखा. तो त्यांनी काडीवर घेऊन माझ्या नाकाशी धरला. आंबूस, डबक्यासारखा वास. “आन् हे?”

“भेसळ,” मी म्हणालो, पण आवाज बसला होता.

“भेसळ आसली तर आज टाकली, आज कळली. हे शेवाळ हाय. पान्यावर डिझेल लई दीस उगं बसलं तर धरतंय. एका रात्रीत न्हाई धरत.” त्यांनी काडी पुसली. “पंपावरचं डिझेल बसून ऱ्हातंय व्हय? रोज टँकर येतोय. बसून कुटलं ऱ्हातंय?”

आम्ही दोघांनीही एकाच वेळी घरामागच्या पत्र्याच्या शेडकडं बघितलं.

तिथं पिंप आहे. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गजा वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागलं आणि या सगळ्या पट्ट्यात, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू, नारळीच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक दिवस वीज नव्हती. जनरेटर भाड्यानं आणून लोक टाक्यांत पाणी चढवत होते आणि डिझेलसाठी रांगा होत्या. त्या वर्षापासून आबा दर पावसाळ्याआधी पिंप भरून ठेवायला लावतात. गाडी आल्यापासून मी त्यातलं थोडं थोडं गाडीत ओततो, आणि पिंप शेडच्या कडेला, अर्धं उघड्यावर उभं असतं. उभ्या पिंपाच्या वरच्या पत्र्यावर पावसाचं पाणी साचतं. दुपारी पिंप तापलं की आतली हवा फुगून बुचातून बाहेर जाते, रात्री गार पडलं की पिंप श्वास आत घेतं आणि त्याबरोबर बुचाभोवतीचं पाणी ओढून घेतं. बुचाचं रबर तडकलेलं होतं. मी ते पाहिलं होतं. बदलायचं मनात होतं.

मग रात्री अकरापर्यंत आम्ही गाडीची टाकी रिकामी केली. बुडाचा बोल्ट काढल्यावर आधी तांब्याभर पाणी आलं, मग त्याच काळ्या चिंध्या, मग डिझेल. आबांनी ते आईच्या जुन्या सुती पातळातून गाळलं. मराठीत हे एकच क्रियापद किती ठिकाणी राबतं: चहा गाळतात, घाम गाळतात, लिहिताना शब्द गाळतात. तमिळमध्ये फिल्टरला वडिकट्टि म्हणतात. आमच्या घरात त्या रात्री कुणी फिल्टर म्हणालं नाही, वडिकट्टिही नाही. आबा त्याला गाळणी म्हणत होते आणि मीही म्हणू लागलो. आम्ही माझ्या कामाविषयी दोन वर्षांत पहिल्यांदा बोलत होतो, आणि ते बोलणं सगळं पाणी, गंज आणि रबर यांच्याविषयी होतं.

पहाटे चारला निघालो. पुलाच्या कमानीवर मी मुद्दाम तिसऱ्यात गेलो. चढली. कांगेयमच्या खळ्यावर माल उतरवून परतलो तेव्हा दुसरी रात्र झाली होती.

आबांनी दिवसभरात पिंप शेडच्या आत घेऊन, एका बाजूला कलतं ठेवून, विटा लावून स्थिर केलं होतं. “हलवू नगंस. तीन दीस बसू दे.” तिसऱ्या दिवशी त्यांनी वरून नळी टाकून स्वच्छ डिझेल कॅनमध्ये ओढून घेतलं. नळी खाली सोडत सोडत पाण्याच्या रेघेपाशी आणली आणि थांबले. खालचं पाणी आणि गाळ आईच्या दूध मोजायच्या मापानं मोजला. आईनं ते माप नंतर घरात घेतलं नाही.

संध्याकाळी ते ओट्यावर वही घेऊन बसले होते. दुकानाचीच वही, पुठ्ठ्यावर ‘झारेकरी’ लिहिलेली. दुकान बंद झाल्यानंतरची पानं कोरी होती. पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी नेहमीचे तीन रकाने आखले: आलेलं, निघालेलं, घट. पिंपात किती होतं, कॅनमध्ये किती निघालं, पाणी किती. गाडीच्या टाकीतलं वेगळं. मी चहा घेऊन शेजारी बसलो आणि पंपावर जाऊन त्या माणसाला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो. टपरीवर आणि वखारीतही सांगावं लागणार होतं. ते पंपापेक्षा अवघड.

“गाळणी परत कवा बदलायची?” आबांनी विचारलं.

“दहा हजार किलोमीटरनं बदलेन आता.”

“म्हंजी कवा? तारीक सांग.”

मी हिशेब केला. आठवड्याला चारशे-पाचशे किलोमीटर. “वैशाखात. एप्रिलच्या शेवटी, नाहीतर मेमध्ये.”

संक्रांत मध्येच येत होती. त्यांनी वहीत लिहिलं, एप्रिल, आणि पेन्सिल कानावर ठेवली.

“जुनी टाकू नगंस तवाची,” ते म्हणाले. “मी बघीन.”